घर विकायला निघालं, आणि आम्ही भाडेकरू नव्हतोच

भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. 10 नोव्हेंबर 2024, रविवार. खाली निवडणुकीच्या प्रचाराची रिक्षा भोंगा लावून तिसऱ्यांदा फिरत होती, म्हणून घरमालक काकांचा फोन मी बाथरूममध्ये जाऊन घेतला. काका नाशिकला मुलाकडे राहतात. महिन्यातून एखादा फोन असायचा, तोही सोसायटीच्या मेंटेनन्सबद्दल. त्या दिवशी त्यांनी आधी दिवाळी कशी झाली विचारलं, मुलीचा अभ्यास विचारला, आणि मग म्हणाले, "ताई, एक सांगायचं होतं. वर्तकनगरची जागा काढायचं ठरवलंय. तुम्ही बघायला सुरुवात करा. महिनाभर आहे तुमच्याकडे."

जागा काढायची म्हणजे विकायची. ठाण्यातल्या त्या जागेत आम्ही जून 2019 पासून राहत होतो. नवरा वागळे इस्टेटमध्ये, माझं ऑफिस पाचपाखाडीत, मुलगी दहावीत. बोर्डाची परीक्षा 21 फेब्रुवारीपासून. मी फोनवर "हो काका" एवढंच म्हणाले. मला वाटतं आपल्यापैकी बहुतेक जण असंच म्हणतात. साडेपाच वर्षं वेळेवर भाडं भरलेलं असतं, मालकाशी कधी वाजलेलं नसतं, आणि घर त्याचं आहे हे आपल्याला मनातून मान्यच असतं.

संध्याकाळपर्यंत सल्ले जमा झाले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "शेवटचे तीन महिने भाडंच देऊ नका, डिपॉझिटमध्ये वळतं करा." ऑफिसातला सहकारी म्हणाला, भाडेकरूला घर विकत घ्यायचा पहिला हक्क असतो, मालकाला आधी तुम्हालाच विचारावं लागतं. आणि चरईतले माझे मामा तर भडकलेच. "जागची हलू नकोस! माझी इमारत दोनदा विकली गेली. मालक बदलला, पावतीवरचं नाव बदललं, मी आहे तिथंच आहे. भाडेकरूला असं काढता येत नाही."

तिघंही अगदी ठामपणे बोलत होते. तिघांचं माझ्या बाबतीत चुकीचं होतं, हे कळायला मला पुढचे अठरा दिवस लागले.

विकत घ्यायच्या गोष्टीचा निकाल मात्र त्याच रात्री लागला. काकांनी स्वतःहूनच विचारलं होतं, "तुम्हीच घेता का? पंच्याऐंशी लाख." मी हिशोबनीस बाई. वही घेऊन बसले. बँक ऐंशी टक्के देईल असं धरलं तर कर्ज 68 लाख, घरचे 17 लाख. ठाण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे 6 टक्क्यांनी 5 लाख 10 हजार. नोंदणीचे 30 हजार. दलाली वेगळी. हप्ता वीस वर्षं महिन्याला साठ हजारांच्या आसपास. आमचं भाडं 27,500. वही मिटली. आणि पहिला हक्क वगैरे काही नसतो. करारात तसं कलम घातलेलं असेल तरच असतो. आमच्यात नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून पार्ट्या यायला लागल्या. घर बघायला येणाऱ्या माणसांना ब्रोकर पार्टी म्हणतात, मग ते नवराबायको असोत की एकटे आजोबा. "ताई, पार्टी खालीच उभी आहे, पाचच मिनिटं." कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या असायच्या आणि अनोळखी माणसं माझ्या बेडरूमचं कपाट उघडून भिंतीला ओल आहे का ते बघायची. एका बाईंनी तुळशीची कुंडी सरकवून बाल्कनीची फरशी तपासली. ब्रोकरनं इंटरनेटवर जी जाहिरात टाकली होती, तिच्यात 'मॉड्युलर किचनसह' असं लिहिलं होतं. ते किचन, म्हणजे ओट्याखालच्या ट्रॉल्या, 2021 साली आम्ही आमच्या पैशांनी बसवल्या होत्या. अडतीस हजार रुपये. जाहिरातीतल्या फोटोत माझा पोळ्यांचा डबासुद्धा दिसत होता.

मग 22 तारखेची दुपार. मुलगी घरी एकटी होती, पूर्वपरीक्षेचा अभ्यास करत. दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला, तिला वाटलं बाबा लवकर आले. आत आला ब्रोकर आणि मागे तीन पुरुष. काकांकडची दुसरी किल्ली त्याच्याकडे आली होती. तो म्हणाला, "घाबरू नकोस बेटा, तू कर अभ्यास," आणि त्यानं त्या तिघांना बाल्कनी दाखवली. मुलीनं मला फोन केला तेव्हा ती संडासात कडी लावून बसली होती.

त्या दिवसापर्यंत मी जागा शोधायच्या तयारीत होते. त्या रात्री पहिल्यांदा करार उघडला.

लिव्ह अँड लायसन्सचा करार आपण कसा करतो ते सगळ्यांना माहीत आहे. एजंट अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन घरी येतो, आधारवर अंगठा उमटेपर्यंत तीनदा हात पुसायला लावतो, कॅमेऱ्यात फोटो काढतो आणि दोन दिवसांनी पीडीएफ पाठवतो. आपण फक्त भाड्याचा आकडा आणि नावाचं स्पेलिंग बघतो. आमचा तिसरा करार 1 जून 2023 ते 31 मे 2025 असा चोवीस महिन्यांचा होता. पहिल्या वर्षी भाडं 26,000, दुसऱ्या वर्षी 27,500, डिपॉझिट एक लाख. पहिले बारा महिने लॉक-इन, म्हणजे त्या काळात दोघांपैकी कोणीही करार मोडायचा नाही. त्यानंतर कोणालाही एक महिन्याची लेखी नोटीस रजिस्टर पोस्टानं देऊन करार संपवता येईल. आणि आणखी एक ओळ: लायसन्सरला, म्हणजे मालकाला, वाजवी वेळी, पूर्वसूचना देऊन जागेची पाहणी करता येईल. ती ओळ मी दोनदा वाचली. दुपारी तीन वाजता किल्ली फिरवून आत शिरणं त्यात बसत नव्हतं.

पण आठ पानांत 'भाडेकरू' हा शब्द मला कुठेच सापडला नाही.

तेवढ्यात 26 नोव्हेंबरला काकांचं रजिस्टर पत्रही आलं. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार की फोन म्हणजे नोटीस नव्हे. म्हणजे महिना मोजायचा तो 10 तारखेपासून नाही, 26 पासून. सोळा दिवस पदरात पडले.

28 तारखेला अर्धा दिवस सुट्टी टाकून कोर्ट नाक्यावर गेले. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. हे मला ऑफिसातल्या शिपाईबाईंनी सांगितलं. आमच्या अख्ख्या ऑफिसात तेवढं एकाच माणसाला ठाऊक होतं. अर्ज भरला, थांबले, आणि साधारण पन्नाशीच्या एका वकीलबाईंसमोर बसले. त्यांनी करार हातात घेतला, शेवटचं पान पाहिलं, पहिलं पाहिलं.

"तुम्ही भाडेकरू नाही आहात."

"मग कोण आहे?"

"लायसन्सी. परवानगीवर राहणाऱ्या. लग्नाचा हॉल घेतो ना आपण, तसं समजा. दिवसभर हॉल आपला असतो, पण हॉलवर आपला हक्क काही तयार होत नाही."

मी मामांचं उदाहरण दिलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मामांचं त्यांच्यापुरतं शंभर टक्के खरं आहे. ते पागडीचे भाडेकरू, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन पुढे थोड्या भाड्यात राहणारे. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं संरक्षण आहे. त्यांना घराबाहेर काढायचं तर त्या कायद्याच्या कलम 16 मधलं एखादं कारण मालकाला कोर्टात सिद्ध करावं लागतं. स्वतःला राहायला जागा हवी आहे हे कारण त्यात आहे. 'मला घर विकायचं आहे' हे कारण त्यात नाही. घर विकलं गेलं तर भाडेकरूसकट विकलं जातं, नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो. तुमचं तसं नाही. लायसन्सचा कायदा हा मुळात 1882 चा, भारतीय सुविधाधिकार कायदा. त्याचं कलम 59 सांगतं की परवानगी देणाऱ्यानं मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर त्या दुसऱ्यावर ती परवानगी बंधनकारक नाही.

हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी इतके दिवस 31 मे ही तारीख धरून बसले होते. करार रजिस्टर आहे, सरकारी शिक्का आहे, नवा मालक आला तरी मेपर्यंत कोण काय करणार? नव्या मालकाचा त्या कागदाशी संबंधच नव्हता.

"आणि माझं डिपॉझिट?" मी विचारलं.

"आता बरोबर प्रश्न विचारलात," त्या म्हणाल्या. "डिपॉझिट ज्यानं घेतलं त्याच्याकडूनच मागायचं. विक्री झाली, पैसे घेऊन ते नाशिकला गेले, आणि नवा मालक म्हणाला मला काय माहीत, तर तुम्ही वर्षभर फोन करत बसाल. किल्ली आणि डिपॉझिट एका वेळी. आधी किल्ली नाही."

ट्रॉल्यांचंही विचारून घेतलं, कारण शेजारच्या वहिनींनी सांगितलं होतं की घरात पैसा घातला की हक्क लागतो. त्याच कायद्याच्या कलम 60 मध्ये तसं काहीसं आहे खरं, परवानगीच्या आधारावर खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल तर मालकाला परवानगी काढून घेता येत नाही. "पण स्क्रूनं लावलेल्या ट्रॉल्या म्हणजे कायमस्वरूपी बांधकाम नव्हे हो," वकीलबाई म्हणाल्या. भाडं थांबवायच्या सल्ल्यावर तर त्यांनी हातच जोडले. आज करार काकांच्या बाजूनं पाळला जात नाहीये, भाडं बुडवलंत की तो तुमच्याही बाजूनं मोडला. मुदत संपल्यावरही अडून राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नं दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे महिन्याला 55,000. हा आकडा मी त्या बोलायच्या आधीच मनात काढला होता.

तर मग लायसन्सीकडे आहे काय? आहे थोडंसं. नोटिशीचा महिना पूर्ण मिळायलाच हवा. परवानगी काढून घेतली तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, हे 1882 च्या कायद्याचं कलम 63. लॉक-इन चालू असताना विनाकारण काढलं असतं तर त्याच कायद्याच्या कलम 64 खाली भरपाई मागता आली असती; आमचं लॉक-इन मे 2024 मध्येच संपलेलं. वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान जिन्यात आणून ठेवणं हे मालकाला करता येत नाही. ताबा मिळत नसेल तर त्याच्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायची वाट कायद्यानं ठेवली आहे, त्यानं त्या वाटेनं जावं. आणि किल्लीच्या प्रकरणासाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देता येईल.

"देऊ का?" मी विचारलं.

"तुम्हाला काय हवंय? भांडण की मार्च?"

मला मार्च हवा होता.

त्यांनी मग जे समजावलं ते कुठल्या कलमात नव्हतं. घर घेणारी पार्टी बहुधा कर्ज काढणार. कर्ज म्हटलं की बँकेचा माणूस घराचं मूल्यांकन करायला येणार, त्याला आत घ्यावं लागणार. आधी टोकन, मग खरेदीकरार, नोंदणी, मग बँकेचा चेक. दोन-अडीच महिने असेच जातात. करारात विकणारा 'रिकामा आणि शांततापूर्ण ताबा' देईन असं लिहून देतो. घरात राहणाऱ्या बाईनं अमुक तारखेला जागा सोडीन असं लिहून दिलं असेल, तर विकणाऱ्याला ते सोन्यासारखं. "तुमच्याकडे जास्त कायदा नाही," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्याकडे जास्त वेळ नाही. तारीख द्या आणि तारीख घ्या."

नाशिकचा फोन त्या रात्री नवऱ्यानं लावला, मी स्पीकरवर बोलले. आधी किल्लीचं काढलं. काका खरंच गप्प झाले. म्हणाले, मी ब्रोकरला किल्ली दिली होती ती तुम्ही गावाला गेलात तर म्हणून. खरं-खोटं देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी ती किल्ली वॉचमनकडे पाकिटात बंद होऊन आली, आणि ब्रोकरचा आवाज त्यानंतर एकदम नरम झाला.

तारखेवर मात्र घासाघीस झाली. काका म्हणत डिसेंबरअखेर, आम्ही म्हणत मार्चअखेर. काका म्हणाले, पार्टी थांबणार नाही. मी म्हटलं, पार्टी अजून ठरलीच कुठे आहे? डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पार्टी ठरली. डोंबिवलीचं जोडपं, ठाण्यात नोकरी करणारं. आणि त्यांच्या सासूबाईंनी अट घातली की गृहप्रवेश गुढीपाडव्यालाच. पाडवा होता 30 मार्चला. त्या बाईंना मी आजवर भेटलेले नाही, पण आमच्या घरातल्या दहावीचे तीन महिने त्यांनीच मिळवून दिले.

तारीख ठरली 23 मार्च, रविवार. म्हणजे त्यांना रंगाला आठवडा. वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे साध्या कागदावर सहमतीपत्र केलं, एक पानाचं. 26 नोव्हेंबरच्या नोटिशीची मुदत दोघांच्या संमतीनं 23 मार्चपर्यंत वाढवली आहे. तोपर्यंत भाडं तेच. घर बघायला किंवा मापं घ्यायला यायचं तर शनिवार-रविवार अकरा ते एक, आदल्या दिवशी फोन करून. बँकेच्या माणसासाठी इतर दिवशीही चालेल. त्या आधी घराची नोंदणी झाली तरी हे पत्र घेणाऱ्यांनाही मान्य. डिपॉझिटची परतफेड काकांनी ताब्याच्या वेळी जागेवरच करायची. काकांची सही, आम्हा दोघांच्या सह्या, आणि घेणाऱ्या जोडप्याच्याही सह्या. शेवटच्या दोन सह्यांसाठी मी हट्ट धरला. कलम 59 डोक्यात बसलं होतं.

सगळं मिळालं असं नाही. हलायचा खर्च मागितला तर काका म्हणाले, "ताई, तो कसा मागता?" नोटीस नियमानं दिली असल्यावर तो मागता येत नाहीच, पण मनाला लागलं. ट्रॉल्यांचे पैसेही नाही म्हणाले, वर "काढून न्या की" असं. शेवटी घेणाऱ्या बाई जानेवारीत मापं घ्यायला आल्या तेव्हा त्यांनीच ओट्याखाली वाकून विचारलं, "या राहणार आहेत ना?" मी म्हटलं, आमच्या आहेत. चहा होईपर्यंत बारा हजारांत सौदा झाला, काका आणि ब्रोकर दोघांनाही मध्ये न घेता.

नवी जागा शोधणं हा वेगळाच छळ. सावरकरनगरमध्ये एक पसंत पडली तर मालकाला 'फॅमिलीच हवी, पण लहान मूल नको'. मानपाड्याला एक मिळाली तर पाणी एक वेळ. शेवटी लोकमान्यनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, भाडं 29,000. खरी अडचण पैशांची झाली. जुनं डिपॉझिट 23 मार्चला मिळणार, नवं 1 मार्चला द्यायचं. एक लाख डिपॉझिट, एका महिन्याचं भाडं दलालीचं, आणि मार्चमध्ये दोन्ही घरांचं भाडं. नवऱ्यानं कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढलं. घर सोडायला लागणाऱ्या माणसाचे हक्क वगैरे आपण बोलतो, पण तीन आठवडे दोन डिपॉझिटं एकाच वेळी अडकवून ठेवायची ताकद नसेल तर तो माणूस काय करतो, कुणास ठाऊक.

या वेळी एजंटनं अंगठ्याचं मशीन बाहेर काढलं तेव्हा मी म्हटलं, आधी मसुदा दाखवा. तो अगदी चकित झाला. म्हणाला, सगळं स्टँडर्ड आहे ताई. मी नव्या मालकांना, सत्तरीच्या एक बाई आहेत, तीन गोष्टी घालायला सांगितल्या. घर विकायचं ठरलं तर नोटीस दोन महिन्यांची. लॉक-इन जसं आम्हाला तसंच त्यांनाही. आणि डिपॉझिट व किल्ली एकाच वेळी. बाई म्हणाल्या, "मी कशाला विकतेय?" पण घातलं. मग एजंटचं बिल पाहिलं. साडेचार हजार, 'सरकारी फी'. वही काढली. दुसऱ्या वर्षीची वाढ धरून चोवीस महिन्यांचं भाडं 7 लाख 14 हजार, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून दोन वर्षांचे 20 हजार, एकूण 7 लाख 34 हजारांवर पाव टक्का म्हणजे 1,835 रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणीचे हजार. बाकी तुमची मजुरी, ती मजुरी म्हणून सांगा. त्यानं पाचशे कमी केले आणि नंतर मला 'मॅडम' म्हणायला लागला.

पेपर मार्चच्या मध्याला संपले. मुलीनं दोन दिवस झोप काढली आणि तिसऱ्या दिवशी खोकी भरायला बसली.

23 तारखेला सकाळी टेंपो आला. काका नाशिकहून गाडीनं दहाच्या सुमारास पोचले. घर रिकामं झालं की किती लहान दिसतं, आणि भिंतीवर कुठे काय होतं ते किती स्पष्ट दिसतं. काकांनी नळ सोडून पाहिले, गीझर लावून पाहिला, हॉलमधल्या खिळ्यांची भोकं मोजली. मग रंगाचे पंधरा हजार कापतो म्हणाले. माझ्याकडे 2019 सालचे फोटो होते, आम्ही राहायला आलो त्या दिवशीचे. तेव्हाही रंग उडालेलाच होता. शिवाय घेणारे पूर्ण घर रंगवणारच होते. फोटो दाखवले. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "राहू द्या." शेवटच्या वीजबिलाचे 1,140 तेवढे कापायचे ठरले. म्हणजे 98,860.

किल्ल्या ओट्यावर ठेवल्या होत्या, तीन दाराच्या आणि एक टपालपेटीची. काकांनी यूपीआयवर आकडा टाकला. पिन टाकला. गेलं नाही. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. आवाज वाढला, टेंपोवाला खाली हॉर्न देत होता, नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी ओट्यावरच्या किल्ल्यांकडे. मग मुलीनं काकांचा फोन हातात घेतला आणि विचारलं, "आजोबा, आज आणखी कुठे पैसे दिलेत?" सकाळी त्यांनी 1,800 रुपयांचं पेट्रोल भरलं होतं. यूपीआयवर दिवसाला एक लाखाची मर्यादा. वरचे साडेसहाशे रुपये बसत नव्हते.

"नव्वद हजार आत्ता पाठवतो," काका म्हणाले. गेले. माझ्या फोनवर आले. राहिले 8,860. त्यांच्या खिशात रोख दोनेक हजार होते, ते ते काढायला लागले तर मी म्हटलं, असू द्या, परतीला लागतील. वकीलबाईंनी ऐकलं असतं तर पुन्हा हात जोडले असते. पण ताबा पावतीवर मी माझ्या हातानं 'रु. 8,860 बाकी' अशी ओळ लिहिली, काकांनी तिच्यापुढे सही केली, आणि किल्ल्या उचलून दिल्या.

रात्री लोकमान्यनगरला गाद्या जमिनीवर टाकून आम्ही आडवे झालो होतो. बारा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. 8,860 जमा. पाठोपाठ काकांचा मेसेज: 'तारीख बदलली. हिशोब पूर्ण. मुलीला आशीर्वाद.'

मी उठले, मोबाईलच्या उजेडात खोक्यातून फाईल शोधून पावती काढली, 'बाकी' ही ओळ खोडली, शेजारी 24/3 अशी तारीख घालून सही केली आणि फोटो काढून त्यांना पाठवला.